खोट्या नावावर मिळणारी खोली

हॉटेलांच्या आणि लॉजांच्या दारावर ‘प्रवेशाचा हक्क राखीव’ अशी एक पाटी असते. आपण ती इतक्या वेळा पाहिलेली असते की तिचा अर्थ विचारावा असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. हा हक्क कोणाचा? त्याला तो कोणी दिला? कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली तो राखून ठेवला आहे? आयुष्याची उमेदीची वर्षे शासकीय सेवेत घालविलेल्या माणसाला असले प्रश्न विचारण्याची खोडच लागते. मी कित्येक हॉटेलवाल्यांना हे विचारून पाहिले आहे. बहुतेकांचे उत्तर एकच असते, ‘पाटी पेंटरकडे तयारच मिळते, साहेब.’

दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला, बिल बुडविणाऱ्याला किंवा ओळखपत्र न दाखविणाऱ्याला दाराबाहेर ठेवण्याचा अधिकार मालकाला आहे, याबद्दल वाद नाही. माझ्यासमोर आहे तो वेगळ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न. पैसे आगाऊ भरलेले, ओळखपत्रे समोर ठेवलेली, बोलणे-वागणे सभ्य; खटकण्याजोगी बाब एकच, की समोर उभी असलेली दोन माणसे एकाच लिंगाची आहेत आणि ती एकमेकांची जोडीदार आहेत. अशा जोडप्याला खोली, टेबल किंवा समारंभासाठी कार्यालय नाकारण्याचा अधिकार व्यावसायिकाला आहे काय?

हा प्रश्न आपल्याकडे परदेशी बातम्यांतून येतो, त्यामुळे तो आपला नाहीच असे वाटते. मलाही तो प्रथम प्रत्यक्ष भेटला तो चंदीगडमध्ये.

२०२२ च्या डिसेंबरात एका प्रशिक्षण वर्गासाठी मी तिथे होतो. एका संध्याकाळी माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचा पुण्याच्या क्रमांकावरून फोन आला. ती आणि तिची जोडीदारीण दिल्लीहून गाडीने चंदीगडला पोहोचल्या होत्या. जोडीदारिणीची दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मोहालीच्या एका संस्थेत मुलाखत होती. बसस्थानकासमोर, सेक्टर २२ मध्ये, त्यांनी आधीच खोली आरक्षित केली होती, आणि आता मॅनेजर किल्ली देत नव्हता. मी गेलो. बाहेर दाट धुके, रस्त्यावर कोणी नाही. काउंटरमागे साठीच्या घरातले एक अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी मला बसवले, चहा मागवला, आणि मग आपली अडचण सांगितली.

“सर, माझे स्वतःचे काही म्हणणे नाही. इथे रोज दोन मुली येतात, दोन मुले येतात, कोण विचारतो? मी रजिस्टरातला ‘नाते’ हा रकाना भरायला सांगितला, तर या म्हणाल्या, आम्ही जोडीदार आहोत. आता मला माहीत झाले. उद्या चौकीतून कोणी आले आणि ‘तुला माहीत होते का’ म्हणून विचारले, तर मी काय सांगू? यांना म्हणावे, तिथे ‘मैत्रीण’ लिहा. या क्षणी किल्ली देतो.”

मुलीने ते ऐकले होते. ती म्हणाली, “काका, सहा वर्षे आम्ही एका घरात राहतो. भाडेकरारावर दोघींच्या सह्या आहेत. माझ्या आईच्या दवाखान्यात रात्रीची जागते ती हीच. मी इथे मैत्रीण कशासाठी लिहू?” जोडीदारीण मात्र थकून गेली होती आणि काहीही लिहायला तयार होती. शेवटी दोन गल्ल्या पलीकडच्या एका अतिथिगृहात, जिथल्या रजिस्टरात तो रकानाच नव्हता, तिथे त्यांची सोय झाली. तोपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले होते.

पण तेथून निघण्यापूर्वी मी मॅनेजरसाहेबांना विचारले, की चौकी ज्याच्या आधारे विचारणार, तो आदेश आपल्याकडे आहे काय? होता. काउंटरच्या मागे चिकटवलेलाच होता. चंदीगडचे जिल्हा दंडाधिकारी हॉटेल, अतिथिगृहे आणि सराया यांच्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली असा आदेश काढत असत. २०२४ च्या जुलैपासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. अशा आदेशाची मुदत कायद्यानेच दोन महिन्यांची असते, त्यामुळे तो पुन्हापुन्हा निघतो. त्यात सांगितलेले असते ते इतकेच, की ओळख पटल्याशिवाय कोणाला उतरवून घेऊ नये, रजिस्टर ठेवावे, त्यात पाहुण्याने स्वतःच्या हस्ताक्षरात नाव, पत्ता, दूरध्वनी लिहून सही करावी, आणि कोणी संशयास्पद वाटल्यास पोलिसांना कळवावे. दहशतवादाच्या काळातून गेलेल्या या प्रदेशात असा आदेश निघावा यात वावगे काही नाही. मी तो दोनदा वाचला. त्यात विवाहाचा उल्लेख नव्हता, नात्याचाही नव्हता. मग ‘नाते’ हा रकाना आला कोठून? मॅनेजरसाहेबांनी रजिस्टर उलटून पाहिले. ते स्टेशनरीच्या दुकानातून छापील आणलेले होते. रकाने छापखान्याने पाडले होते!

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. परदेशातील अशा खटल्यांत नकार देणारा मालक आपल्या धर्मश्रद्धेचा किंवा सदसद्विवेकाचा आधार घेतो. माझ्यासमोरच्या गृहस्थांनी श्रद्धेचा शब्दही काढला नाही. त्यांना भय होते ते पोलीस चौकीचे, आणि त्याहून अधिक, माहीत असण्याचे. आपल्या देशातील नकारांपैकी फार मोठा भाग याच जातीचा असावा असे माझे मत आहे. आणि म्हणूनच तो जितका कायद्याचा प्रश्न आहे, त्याहून अधिक प्रशासनाचा आहे.

हे भय निराधार आहे असेही म्हणता येत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ आणि अक्सा परिसरातील हॉटेलांवर पोलिसांनी धाडी घातल्या, बंद खोल्यांतून सज्ञान जोडप्यांना बाहेर काढले, आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याबद्दलच्या कलम ११० खाली दंड केला. भाड्याने घेतलेली, आतून कडी लावलेली खोली सार्वजनिक ठिकाण कशी होते, याचे उत्तर पुढे वरिष्ठांनी चौकशी लावली तेव्हाही समाधानकारक मिळाले नाही. २०१९ साली कोइमतूरमध्ये तर अविवाहित स्त्री-पुरुष उतरले म्हणून एका निवासाला महसूल आणि पोलीस अधिकाऱ्यांनी टाळे ठोकले. मद्रास उच्च न्यायालयाने ते उघडायला लावले, आणि स्पष्ट सांगितले की अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहू नये असा कोणताही कायदा नाही. चंदीगडच्या उच्च न्यायालयातच २०२१ च्या मे महिन्यात एका पीठाने विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्याला संरक्षण नाकारले, कारण असे राहणे नैतिक व सामाजिकदृष्ट्या मान्य होण्यासारखे नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या पीठाने तशाच जोडप्याला संरक्षण दिले. जिथे न्यायमूर्तींचे एकमत होत नाही, तिथे सेक्टर २२ मधल्या मॅनेजरने कायद्याचा अर्थ लावावा ही अपेक्षा मला अवास्तव वाटते. त्याने सुरक्षित मार्ग पत्करला, आणि त्याच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग म्हणजे नकार.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मूलभूत हक्क हे शासनाविरुद्ध असतात, खासगी माणसाविरुद्ध नसतात, असे आपण शिकतो. परंतु राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड याला अपवाद आहे. पहिला खंड शासनाला बांधतो. दुसरा खंड नागरिकालाच सांगतो, की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत कोणालाही मज्जाव करता येणार नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दात काय काय येते असा प्रश्न सभासदांनी विचारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर प्रशासकांनी पाठ करावे असे आहे. त्याचा आशय असा, की जो कोणी आपल्या दारी येईल त्याला सेवा देण्यास मालक तयार असतो अशी कोणतीही जागा म्हणजे दुकान. आणि या हक्काचा अर्थ नुसते आत पाऊल टाकू देणे नव्हे, तर ठरलेल्या अटींवर सेवा मागण्याचा हक्क. म्हणजे उंबरठा ओलांडू दिला आणि गल्ल्यापाशी परत पाठवले, तर घटनेचे पालन झाले असे होत नाही.

बाबासाहेबांना हा खंड केवळ पुस्तकांतून सुचलेला नव्हता. १९१७ साली परदेशात शिकून परतल्यावर ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू व्हायला गेले. संस्थानचा उच्चशिक्षित अधिकारी, महालेखापालाच्या कार्यालयात नेमणूक झालेला, आणि त्याला गावात राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक होते. एका पारशी सराईत ते गेले. रखवालदाराच्या लक्षात आले की पाहुण्याच्या अंगावर सदरा-कस्ती नाही, म्हणजे हा पारशी नव्हे. पण सराई ओस पडलेली होती, रोज दीड रुपया मिळणार होता, आणि रखवालदाराला नोंदवहीत काहीतरी दाखवायचे होते. मार्ग निघाला. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि राहायचे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून वर आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी दिली. शहरातील दोन मित्रांकडे विचारणा झाली, दोघांकडून नकार आला. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. हा सर्व प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

अस्पृश्यतेच्या यातनांशी मी दुसऱ्या कशाची तुलना करीत नाही. त्या यातना पिढ्यान्‌पिढ्यांच्या होत्या, पाण्याच्या घोटापर्यंत पोहोचणाऱ्या होत्या. दोन सुशिक्षित मुलींना एका थंडीच्या रात्री दोन गल्ल्या चालावे लागले याची त्यांच्याशी बरोबरी होऊ शकत नाही. माझे लक्ष आहे ते नोंदवहीकडे. बडोद्याच्या रखवालदाराला आणि चंदीगडच्या मॅनेजरला, दोघांनाही माणूस नको होता असे नाही. त्यांना हवी होती ती खोटी नोंद. खोली आहे, फक्त स्वतःचे नाव किंवा नाते सांगायचे नाही, या अटीवर. आणि खोट्या नोंदीवर मिळालेल्या खोलीची किल्ली अकराव्या दिवशी परत मागितली जाऊ शकते, हे बडोद्याने दाखवून दिलेले आहे.

यावर कायदा जाणणारे म्हणतील, की पंधराव्या अनुच्छेदात ‘लिंग’ हा शब्द आहे, ‘लैंगिक कल’ नाही. हा आक्षेप न्यायालयांपुढे आलेला आहे. २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशनच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की लैंगिक कलावरून केलेला भेदभाव हा लिंगावरून केलेलाच भेदभाव होय. एवढेच म्हणून न्यायालय थांबले नाही. पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड नागरिकानागरिकांमध्येही लागू असल्यामुळे सार्वजनिक जागांच्या बाबतीत एका नागरिकाने दुसऱ्याशी या कारणावरून केलेला भेदभावही वर्ज्य आहे, हेही त्यात लिहिलेले आहे. त्या पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे आपल्या सोलापूरचे. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो फिरवलेला निकाल रद्द केला. लिंगावरून होणाऱ्या भेदभावात लैंगिक कलावरून होणारा भेदभाव येतो, ही भूमिका त्या निकालपत्रांतही आहे.

याच चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये एक मोठे तारांकित हॉटेल आहे, ज्याच्या समूहाचे कार्यकारी संचालक केशव सुरी हे स्वतः २०१८ च्या त्या खटल्यात याचिकाकर्ते होते. तिथे अशा जोडप्याचे स्वागत होते. म्हणजे एकाच शहरात घटनेचा हा खंड पंचतारांकित भाडे भरणाऱ्याला उपलब्ध आहे आणि बसस्थानकासमोर उतरणाऱ्याला नाही. तारांकित हॉटेलचा मालक चौकीला घाबरत नाही, हे त्याचे साधे कारण आहे.

मात्र घटनेच्या या खंडाला दात नाहीत, हेही कबूल केले पाहिजे. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात मज्जाव केला, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि गुन्हा शाबीत झाल्यास परवाना रद्द करण्याचीही तरतूद आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ साली झालेल्या कायद्यात सेवा व निवास नाकारण्यावर स्पष्ट बंदी घातली गेली. समलिंगी जोडप्यासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्याला नकार मिळाला, तर तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत निकाल लागणार, दंड कोणता, यांपैकी काहीही लिहिलेले नाही. रिट याचिकेचा दरवाजा उघडा आहे. पण सकाळी नऊ वाजता मुलाखत असलेला माणूस एका रात्रीच्या खोलीसाठी रिट याचिका दाखल करीत नाही.

हॉटेलवाल्यांचा आणखी एक युक्तिवाद असतो आणि तो दिसतो तितका भोळा नाही. ते म्हणतात, आम्ही समलिंगी म्हणून कोणाला नाकारत नाही. आमचा नियम सर्वांना सारखा आहे, फक्त विवाहित जोडप्यांनाच खोली. २०२५ च्या जानेवारीत ओयो या साखळीने मेरठपासून सुरुवात करून आपल्या भागीदार हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना नकार देण्याची आणि नात्याचा पुरावा मागण्याची मुभा दिली, तेव्हा हाच सूर होता. स्त्री-पुरुष जोडप्याला हा नियम जाचक असला तरी अशक्य नाही. त्यांना लग्न करता येते. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोपवला. म्हणजे ज्यांना देशाचा कायदा लग्न करू देत नाही, त्यांच्याकडे हॉटेलवाला लग्नाचा दाखला मागणार! अशा नियमाला सर्वांना सारखा नियम म्हणता येणार नाही.

इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच युक्तिवाद २०१३ च्या नोव्हेंबरात आला होता. कॉर्नवॉलमधील एका छोट्या हॉटेलच्या ख्रिस्ती मालकांनी, आम्ही दुहेरी पलंगाची खोली फक्त विवाहितांनाच देतो असे सांगून, एका समलिंगी जोडप्याला नकार दिला होता. त्या काळी तिथेही समलिंगी विवाह कायदेशीर नव्हता. मालकांची श्रद्धा खरी आहे हे न्यायालयाने मान्य केले, आणि तरीही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. धंदा म्हणून जनतेसाठी दार उघडले, की ते कोणासाठी उघडायचे हे श्रद्धेवरून ठरविता येत नाही.

श्रद्धेचा प्रश्न मी उडवून लावत नाही. व्यक्तीला नकार आणि संदेशाला नकार यांत फरक आहे, आणि तो जपला पाहिजे. बेलफास्टच्या एका बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे वाक्य केकवर लिहिण्यास नकार दिला, तेव्हा इंग्लंडच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बेकरीच्या बाजूने निकाल दिला, कारण मालकाची हरकत गिऱ्हाइकाला नव्हती, वाक्याला होती. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय २०२३ साली याहून पुढे गेले आणि विवाहाची संकेतस्थळे बनविणाऱ्या व्यावसायिकाला असे काम नाकारण्याची मोकळीक त्याने दिली. मला ती वाट धोक्याची वाटते. उद्या प्रत्येक शिंपी आणि प्रत्येक हलवाई, आपले काम ही कला आहे म्हणेल. आपल्या व्यवहारात उतरवायचे तर मी रेषा अशी ओढीन: पुरोहिताला कोणाच्या लग्नाचे मंत्र म्हणण्याची सक्ती करता येणार नाही, पण मंगल कार्यालय हे दुकान आहे. आचारी, मांडववाला, पत्रिका छापणारा, हीही दुकानेच. पत्रिकेतला मजकूर हा छापणाऱ्याचा नसतो, यजमानाचा असतो, हे पत्रिका वाचणाऱ्या प्रत्येकाला कळते. स्वतःच्या राहत्या घरातली एखादी खोली भाड्याने देणाऱ्या वृद्ध दाम्पत्याच्या बाबतीत मी काहीसा सैल राहीन. असो. सेक्टर २२ मधल्या लॉजला यांतले काहीच लागू होत नाही.

दरम्यान केंद्र शासन पुष्कळ पुढे गेले आहे, याची खबर लॉजपर्यंत पोहोचलेली नाही. सुप्रियो खटल्यात दिलेल्या आश्वासनानुसार २०२४ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात वेगवेगळ्या खात्यांच्या सूचना बाहेर आल्या. शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबाचे घटक मानावे. संयुक्त बँक खाते उघडण्यास व एकमेकांचे नामनिर्देशन करण्यास अडसर नाही. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. ज्या दोघींना शासन रास्त भाव दुकानाच्या रांगेत एक कुटुंब मानायला तयार आहे, त्या दोघींना रजिस्टरात ‘मैत्रीण’ लिहायला लावणारे रजिस्टर त्याच शासनाच्या नावाने चालते.

वरच्या पातळीवर निर्णय झाला आणि खाली काही हलले नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. आणि तरीही २० मार्च १९२७ पर्यंत तिथे कोणी ओंजळभर पाणी पिऊ शकले नाही. ठरावाची प्रत नगरपालिकेच्या दप्तरात होती; तळ्याच्या काठावर कोणीही अंमलदार उभा नव्हता.

चंदीगडची गंमत अशी की तिथे काठावर उभे राहणे तुलनेने सोपे आहे. १९६६ पासून हा केंद्रशासित प्रदेश आहे, त्याला स्वतःची विधानसभा नाही, क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर, जिल्हाधिकारी एक, पोलीस दल एक. पंजाब-हरियाणाच्या कोणत्याही जिल्ह्यापेक्षा इथे कागदावरचा शब्द काउंटरपर्यंत लवकर पोहोचतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. हॉटेलांसाठीच्या आदेशात, ओळखपत्राच्या परिच्छेदानंतर, एक वाक्य घालावे लागेल: या आदेशान्वये पाहुण्यांच्या वैवाहिक स्थितीची किंवा परस्पर नात्याची नोंद अथवा पुरावा आवश्यक नाही, आणि केवळ त्या कारणावरून सज्ञान व्यक्तींना निवास नाकारणे या आदेशाला अभिप्रेत नाही. यात कोणावर सक्ती नाही, आदेशाची कक्षा ओलांडलेली नाही. जे आदेशात नव्हतेच ते नाही असे फक्त म्हटलेले आहे. दुसरी प्रत पोलीस ठाण्यांना, म्हणजे चौकीतून येणाऱ्या शिपायालाही ते ठाऊक असेल, आणि मॅनेजरला ‘तुला माहीत होते का’ या प्रश्नाचे उत्तर देता येईल. होय, माहीत होते, आणि आदेशात त्याला हरकत नाही.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यापुढे मी हे मांडले तेव्हा ते म्हणाले, की कशाला लिहिता? आज दोन मुली, दोन मुले गुपचूप राहतातच. तुम्ही लिहिलेत की वर्तमानपत्रात येईल, कोणीतरी मोर्चा काढेल, आणि आहे ती सोयही जाईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. प्रशासनात मौनाने पुष्कळ कामे सुरळीत चालतात. पण मौनाचा लाभ कोणाला मिळतो ते पाहिले पाहिजे. जो खोटे लिहायला तयार आहे त्याला किल्ली मिळते, आणि जो खरे सांगतो त्याला बाहेरचे धुके. ज्या रजिस्टरचा सारा हेतू खरी ओळख नोंदविणे हा आहे, त्याच रजिस्टरात आपण लोकांना खोटे लिहायला शिकवतो. सुरक्षेच्या दृष्टीनेही ही विचित्रच स्थिती म्हणायची. सहकारी हसले, म्हणाले, मुद्दा टिपणीत घालण्यासारखा आहे.

शहराच्या हद्दीबाहेर अडचण राहीलच. झिरकपूरचे हॉटेल पंजाबच्या अखत्यारीत, पंचकुल्याचे हरियाणाच्या. तिथले आदेश वेगळे, जिल्हाधिकारी वेगळे. पण तिथले आदेश बहुधा शेजारच्या जिल्ह्याचा मसुदा समोर ठेवूनच तयार होतात, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दर दोन महिन्यांनी मुदत संपते. लिपिकाच्या संगणकावर मागचा आदेश असतो, तो उघडायचा, दोन तारखा बदलायच्या आणि सहीसाठी ठेवायचा. त्या वेळी एक वाक्य वाढवायला पाच मिनिटे लागतात.